धुळे जेलातले अठरा रविवार

धामणगाव रेल्वेवरून वर्ध्याची गाडी पकडली की आधी पुलगाव लागतं, मग वर्धा. तिथून जवळच पवनार, विनोबा भावेंचा आश्रम. आपल्या इकडच्या कितीतरी जणांची शाळेची सहल तिथं गेलेली असते. भूदान, पदयात्रा एवढं आठवतं. पण आजची गोष्ट त्याच्याही आधीची, १९३२ ची.

कायदेभंगाची चळवळ परत पेटली होती. विनोबा धुळ्याच्या जेलात होते, वय ३६. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी सोबतच्या कैद्यांपुढं गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, १९ जूनला अठरावा. कॅलेंडर काढून मोजा, एकही रविवार हुकलेला नाही! (समस्त पॉडकास्टवाल्यांनी नोंद घ्यावी.) साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते, म्हणजे हे ट्रान्सक्रिप्टच की. त्याचंच पुस्तक झालं 'गीता प्रवचने'.

त्यातलं 'विकर्म' मला सगळ्यात कामाचं वाटतं. परंपरेत विकर्म म्हणजे निषिद्ध काम. विनोबा वेगळंच सांगतात: हातानं करतो ते कर्म, त्यात मन ओतणं हे विकर्म. दोन्ही जुळलं की कामाचं ओझंच वाटत नाही, ते अकर्म. आई मारते तरी पोरगं तिलाच बिलगतं, तोच फटका दुसऱ्यानं दिला तर? सोमवारी सकाळी तेच तेच बग सोडवताना हा फरक मला चांगला कळतो.

आता मुद्दा. अप्रेझल जवळ आलं की 'फळाची अपेक्षा नको' असलं काहीतरी ग्रुपवर हमखास येतं, आणि बहुतेक वेळा पगार ठरवणाऱ्याकडूनच येतं. ही चलाखी आहे. धुळ्यात ऐकणारे कोण होते ते बघा ना. सरकारचा कायदा मुद्दाम मोडून आत आलेले लोक! निष्काम म्हणजे मान खाली घालून राबणं असतं, तर ते घरीच नसते का बसले? स्वराज्य कधी येईल हे त्यांच्या हातात नव्हतं. मिठावरचा कर निमूट भरायचा की नाही, हे होतं. म्हणून पगारवाढ बिनधास्त मागा. रेटिंग कमी आलं म्हणून रात्रभर छताकडं बघत पडू नका, एवढंच.

आणि ते लिहून घेणारे साने गुरुजी? पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या जेलात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. त्यावर वेगळा एपिसोड करू.