पदवी हवी, पण कोणत्या दारासाठी?

दहावी-बारावीचे निकाल जाहीर झाले की मुंबईच्या उपनगरांत प्रवेशाची लगबग सुरू होते. अंधेरीचे भवन्स, विलेपार्ल्याचे साठ्ये व डहाणूकर, घाटकोपरचे झुनझुनवाला, मुलुंडचे वझे-केळकर अशा महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्यांकडे हजारो घरांचे डोळे लागलेले असतात. कोणती शाखा, कोणते महाविद्यालय, लोकलचा प्रवास किती, यावर घरात खल होतो. मात्र पदवी हाती आल्यावर तिचा नोकरीसाठी नेमका उपयोग काय, हा प्रश्न बहुधा तीन वर्षे पुढे ढकलला जातो.

तो पुढे ढकलल्याचा परिणाम कसा दिसतो, याचे एक उदाहरण अंधेरीपासून जवळच घडले. १६ जुलै २०२४ रोजी कलिना येथे एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेस या कंपनीने विमानतळावरील सामान चढवणे-उतरवणे आणि तत्सम कामांच्या सुमारे दोन हजार जागांसाठी उमेदवारांना थेट बोलावले होते. पात्रता दहावीची होती. प्रत्यक्षात इतके उमेदवार लोटले की गर्दी आवरणे कठीण झाले आणि अर्ज ठेवून घेऊन त्यांना परत पाठवावे लागले. त्या रांगेत पदवीधर तरुणही होते. त्याच वर्षी राज्यातील पोलीस भरतीत १७ हजारांहून अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. शिपाईपदाची किमान पात्रता बारावी असताना अर्जदारांत पदवीधर आणि अभियंतेही होते.

मग पदवी निरुपयोगी ठरली काय? तसे म्हणणे घाईचे होईल. काही नोकऱ्यांसाठी पदवी अनिवार्य आहे, काहींसाठी ती सोयीची आहे आणि काहींसाठी तिचा काहीच संबंध नाही. या तीन गटांची गल्लत झाली की वर्षे आणि पैसा दोन्ही वाया जातात.

पदवीची प्रतिष्ठा आली कोठून?

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये पहिल्या तुकडीचे विद्यार्थी बी.ए. झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या तुकडीतले. पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते, तेव्हा न्यायखाते, शिक्षणखाते आणि सचिवालय यांची दारे त्यांना आपोआप उघडत. पदवी म्हणजे नोकरी, हे समीकरण मराठी मध्यमवर्गाच्या मनात त्या काळापासून रुजले.

उपनगरांत मात्र या समीकरणाला समांतर असा दुसरा मार्गही दीर्घकाळ होता. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा अभियांत्रिकी, औषधे आणि रसायनांचे कारखाने उभे होते. अंधेरी पूर्वेला मरोळची औद्योगिक वसाहत होती. दहावी झालेला किंवा आयटीआयचे प्रमाणपत्र मिळवलेला तरुण तेथे कामाला लागे, कायम होई आणि त्या पगारावर संसार उभा करी. १९८२ च्या गिरणी संपानंतर मध्य मुंबईतील गिरण्यांचे जे झाले, तेच पुढील दोन दशकांत उपनगरांतील अनेक कारखान्यांचे झाले. त्यांच्या जागी निवासी मनोरे, मॉल आणि कार्यालये आली. वडिलांच्या कारखान्यात मुलाने लागण्याची वाट बंद झाली आणि महाविद्यालय हीच एकमेव वाट आहे, असे कामगारांच्या घरांतही वाटू लागले. पदवीधरांची संख्या वाढली, परंतु त्यांना सामावून घेणाऱ्या नोकऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत.

आकडे काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या २०२४ मधील भारतविषयक रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातील तरुण पदवीधरांमधील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते केवळ ३.४ टक्के होते. यावरून शिक्षणामुळे बेकारी वाढते, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे. न शिकलेल्या तरुणाला काम नाकारून घरी बसणे परवडत नाही. तो मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर धरतो. पदवीधर आपल्या शिक्षणाला साजेशा नोकरीची वाट पाहतो आणि त्याचे घर काही काळ त्याला पोसते.

ही प्रतीक्षा किती लांबते, हे अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालातून दिसते. २५ वर्षांखालील पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांहून अधिक, तर पस्तिशी ओलांडलेल्यांत ५ टक्क्यांहून कमी आढळली. म्हणजे बहुतेक पदवीधर अखेरीस कोठे ना कोठे कामाला लागतात. नियमित पगाराच्या नोकरीत त्यांची सरासरी मिळकतही बारावीपर्यंत शिकलेल्यांपेक्षा अधिक असते. परंतु मिळालेले काम पदवीला साजेसे असते की नाही, हे बेरोजगारीचा आकडा सांगत नाही. शिवाय मधली वर्षे कोणाच्या जिवावर काढायची, हा प्रश्न उरतोच. बोरिवलीत स्वतःचे घर आणि निवृत्तिवेतन असलेल्या कुटुंबाला तो काळ पेलतो. भाड्याच्या खोलीत एकाच्या कमाईवर चालणाऱ्या घराला तो पेलत नाही. तीच पदवी दोन घरांत दोन निरनिराळ्या किमतींना पडते.

पदवीवाचून न उघडणारी दारे

केंद्रीय आणि राज्य लोकसेवा आयोगांच्या नागरी सेवा परीक्षा, सार्वजनिक बँकांतील अधिकारी आणि लिपिक भरती, कर्मचारी निवड आयोगाची पदवीधर स्तरावरील परीक्षा या सर्वांसाठी पदवी अनिवार्य आहे. वकिली, वैद्यक यांसारख्या व्यवसायांत तर विहित पदवीशिवाय काम करणे कायद्यालाच मान्य नाही. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या महाविद्यालयीन भरतीतही पदवी ही पहिली चाळणी असते. या क्षेत्रांकडे ज्यांचा ओढा आहे, त्यांनी पदवी टाळण्याचा विचारही करू नये.

तथापि येथेही पदवी पुरेशी नसते. मुंबई महानगरपालिकेने २०२४ मध्ये कार्यकारी सहायक, म्हणजेच पूर्वीच्या लिपिक पदाच्या १,८४६ जागा जाहीर केल्या, तेव्हा पदवीबरोबरच मराठी आणि इंग्रजी टंकलेखनाची अट होती. दहावी व पदवी परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेली असावी, अशीही अट प्रथम घालण्यात आली होती. तिला विरोध झाल्यावर ती मागे घेण्यात आली. अर्जदारांचा लोंढा मोठा असला की चाळणीची छिद्रे लहान करण्याचा मोह कोणत्याही कार्यालयाला होतो. केवळ उत्तीर्णतेच्या प्रमाणपत्रावर विसंबून राहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

पदवी न विचारणारी दारे

अंधेरीतील सीप्झ ही निर्यात वसाहत १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स उद्योगासाठी सुरू झाली आणि पुढे तेथे रत्ने व दागिन्यांचे मोठे केंद्र उभे राहिले. तिच्या एकाच प्रवेशद्वारातून दोन प्रकारचे कर्मचारी आत जातात. सॉफ्टवेअर कंपनीत जाणाऱ्याची पदवी तपासली जाते, तर दागिन्यात हिरे बसवणाऱ्या कारागिराच्या हाताची सफाई तपासली जाते.

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा मार्गही असाच आहे. कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० मध्ये सुरू झाली. मुलुंडसह मुंबईत अशा संस्था असून तेथे वीजतंत्री, जोडारी, वेल्डर, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती असे व्यवसाय एक वा दोन वर्षांत शिकवले जातात. रेल्वेच्या कार्यशाळांतील शिकाऊ उमेदवारांची निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते. सहायक लोको पायलट या पदासाठी दहावीनंतर आयटीआय किंवा अभियांत्रिकी पदविका चालते.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याकडे आपल्याकडील पालकांचे फारसे लक्ष नसते. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. त्याच नियमांत दरमहा किमान विद्यावेतन आयटीआय प्रमाणपत्रधारकाला ७ हजार, पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला ९ हजार रुपये ठरवण्यात आले. राज्य शासनाने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन होते. सरकारी दरपत्रकातही पदवी आणि आयटीआय यांतील अंतर दोन हजार रुपयांचे होते. सुरुवातीच्या कमाईपुरता हा फरक अल्पच म्हणावा लागेल; पदवीचा खरा लाभ पुढे बढती आणि पदोन्नतीच्या वेळी होतो.

नावावर भुलू नये

मुंबई विद्यापीठात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बी.एम.एस. आणि त्यापाठोपाठ माध्यमे, बँकिंग, लेखा व वित्त असे स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम आले. त्यांचे शुल्क पारंपरिक बी.कॉम.पेक्षा बरेच अधिक असते. २०२४-२५ पासून व्यवस्थापन आणि संगणक उपयोजनाचे पदवी अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांसाठी प्रवेश परीक्षा सुरू झाली. तेव्हा अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तेच शिक्षण परीक्षेविना देऊ केले. नाव आकर्षक आहे म्हणून जादा शुल्क भरण्यापूर्वी, या अभ्यासक्रमातून मागील वर्षी किती विद्यार्थी कोठे लागले आणि किती वेतनावर लागले, हे महाविद्यालयाकडे स्पष्ट विचारावे. सर्वाधिक वेतनाचा एकच आकडा जाहिरातीत झळकत असतो; विचारायचा असतो तो मधल्या विद्यार्थ्याचा.

दोन्ही साधता येते

पदवी की हुन्नर, असा एकच पर्याय निवडण्याची सक्ती नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. या मार्गाने दहावीनंतर सात वर्षांत अभियंता होता येते. बारावीमार्गे हाच प्रवास सहा वर्षांचा आहे. एक वर्ष जास्त लागते खरे; पण मध्येच घरावर संकट आले, तर हाती कमाईला उपयोगी पडणारे प्रमाणपत्र असते. बारावीमार्गे गेलेल्याला दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडावे लागले, तर त्याच्या हाती बारावीचीच गुणपत्रिका उरते.

नव्या शैक्षणिक धोरणात ही उणीव काही अंशी दूर करण्याचा प्रयत्न आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी घेऊन बाहेर पडण्याची त्यात मुभा आहे. मात्र एका वर्षाच्या प्रमाणपत्राला मालक काय किंमत देतील, हे बाजारच ठरवील. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी सनदी लेखापाल परीक्षेचाही विचार करावा. तिचा पाया बारावीनंतर घालता येतो आणि त्यासाठी पदवीची अट नाही. नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण १९७१ पासून आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उपलब्ध आहे. शासकीय परीक्षांसाठी मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी ग्राह्य धरली जाते. २०२४ मध्ये राज्य शासनाने वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. मुलीच्या शिक्षणाचा खर्च मोजताना हे जमेस धरावे.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी

पालक आणि विद्यार्थ्यांनी एक साधी कृती करावी. आपल्याला हव्याशा वाटणाऱ्या पाच-सहा नोकऱ्यांच्या अलीकडच्या जाहिराती मिळवाव्यात आणि त्यांतील पात्रतेचा रकाना वाचावा. तेथे 'कोणत्याही शाखेची पदवी' असे लिहिले असेल, तर कमी शुल्काची, जवळची आणि तयारीला वेळ देणारी पदवी पुरेशी आहे. विशिष्ट पदवी मागितली असेल, तर तीच घ्यावी आणि संस्थेच्या दर्जाबाबत तडजोड करू नये. पदवीचा उल्लेखच नसेल, तर ती तीन वर्षे हुन्नर आणि अनुभव मिळवण्यात घालवून पदवी दूरशिक्षणाने पूर्ण करावी. स्पर्धा परीक्षांची वाट धरणाऱ्याने किती वर्षे आणि किती प्रयत्न, हे आधीच ठरवून घरच्यांना सांगावे. दोन वर्षांची तयारी सहा वर्षांवर गेली की वयोमर्यादा आणि उमेद दोन्ही संपत येतात.

पदवीने विचाराला शिस्त लागते, भाषा सुधारते, ओळखी वाढतात आणि बढतीच्या वेळी कागद कमी पडत नाही. हे लाभ खरे आहेत. परंतु नोकरीची हमी पदवीने १८६२ मध्ये दिली, ती पदवीधर मोजके होते म्हणून. आज अंधेरी ते मुलुंड दरवर्षी हजारो तरुण पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांतील ज्याने कोणते दार ठोठवायचे हे प्रवेशाच्या वेळीच ठरवले, त्याची पदवी कामी येते. ज्याने तो विचार निकालानंतरवर सोडला, त्याला मिळेल त्या रांगेत उभे राहावे लागते.