अंगठाबहाद्दर

‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द मराठीत कुणी कौतुकानं वापरत नाही. सही येत नाही म्हणजे व्यवहार कळत नाही, असा त्यात टोमणा असतो. म्हसवडच्या बायकांना हा टोमणा थेट बँकेच्या लायसन्ससाठी केलेल्या अर्जावर मिळाला.

सातारा जिल्ह्यातल्या माण या दुष्काळी तालुक्यात चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी मिळून सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. कारण काय, तर अर्जावर अंगठे उठवलेत. बायकांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले, पुन्हा मुंबई गाठली आणि साहेबांनाच आव्हान दिलं: मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर घेऊन बसवा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

त्याआधी १९७४ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांच्या सेवा बँकेपुढेही हीच अडचण होती. ४,००० बायकांनी १०-१० रुपये भांडवल घातलं होतं, पण सही येणाऱ्या थोड्याच. तिथं खातेदाराच्या फोटोवरून ओळख पटवायची पद्धत काढली.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. माणदेशीची बँक बायकांच्या दारात जाऊ लागली. मग कार्ड आणि पिन देण्याचा विचार झाला. त्यावर एक खातेदार बाई म्हणाली, पिन काय, कुणीही चोरेल. माझा अंगठा कोण चोरणार? आम्ही इंजिनिअर सिस्टिम बांधताना चोर बाहेरचा धरतो. तो कुणीही असू शकतो, असं तिनं धरलं. लायसन्स अडवणारा अंगठाच मग खात्याची किल्ली झाला.

२०१४ ला जनधन आलं, २०१६ ला यूपीआय, आणि किल्ली अंगठ्यावरून फोनवर गेली. घरात फोन एकच असेल तर तो कुणाच्या खिशात असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

२०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे महिना १,५०० रुपये थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. २०२५ मध्ये ई-केवायसी आली. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं म्हणून तिच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागलं, आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपीसुद्धा. वडील हयात नाहीत, नवऱ्यानं टाकलंय, पण कागदावर घटस्फोट झालेला नाही, अशा बाईनं हा ओटीपी मागायला जायचं कुणाच्या दारात?