अक्षरावरचा चिमुकला आकडा

'चार' आणि 'चारा' हे दोन शब्द एकापाठोपाठ एक मोठ्यानं म्हणून पाहावेत. पहिल्यातला च 'चंद्रा'तला, दुसऱ्यातला 'चांदण्या'तला. उच्चार दोन, अक्षर मात्र एकच. मराठी माणूस सवयीनं बरोबर वाचतो. नव्यानं मराठी शिकणारा इथे हमखास अडखळतो. जवळपास हेच दोन उच्चार झेक भाषेत आहेत, पण तिथे लिहितानाच त्यांची फारकत होते. नुसता रोमन 'सी' लिहिला की चांदण्यातला च, आणि त्याच्या डोक्यावर 'व्ही'सारखी बारीक खूण दिली की चंद्रातला. या खुणेला झेक लोक 'हाचेक' म्हणतात. हाचेक म्हणजे छोटा आकडा.

रोमन लिपी लॅटिनच्या मापानं बेतलेली. मूळ लॅटिनमध्ये श नाही, च नाही. झेकसारख्या स्लाव भाषांमध्ये मात्र याच ध्वनींची रेलचेल. मग बोहेमियातले, म्हणजे झेक प्रदेशातले, लेखनिक दोन-दोन अक्षरांची जोडी लावून वेळ मारून नेत. त्यातही एकवाक्यता नव्हती. एकच जोडी कुठे एका ध्वनीसाठी, तर कुठे दुसऱ्याच.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला 'दे ऑर्थोग्राफिया बोहेमिका' नावाचा एक छोटा लॅटिन ग्रंथ लिहिला गेला. तो यान हुस यांचा असं सहसा मानलं जातं. प्रागच्या बेथलेहेम चॅपलमध्ये हुस साध्या माणसांना समजेल अशा झेक भाषेत प्रवचनं देत, त्यामुळे ही तळमळ त्यांना शोभणारीच आहे. ग्रंथातली सूचना सोपी होती: अक्षरांच्या जोड्या सोडा, लॅटिनला ठाऊक नसलेल्या ध्वनीसाठी जवळच्या अक्षरावर टिंब द्या आणि स्वर दीर्घ असेल तर वर बारीक रेघ ओढा. मराठी डोळ्याला ते टिंब अनुस्वारासारखं वाटेल, पण त्याचं काम निराळं. एक ध्वनी, एक अक्षर, हा त्यामागचा आग्रह.

६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टान्स इथे हुस यांना पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आलं. टिंब मात्र टिकलं आणि लिहिता लिहिता त्याचा आकडा झाला.

त्यानं काय साधलं ते शेजारच्या पोलंडकडे पाहिलं की कळतं. 'वेळ' या अर्थाचा शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखाच, 'चस'. पोलिश माणूस त्यासाठी सी, झेड, ए, एस अशी चार अक्षरं लिहितो; झेक माणसाचं तीन अक्षरं आणि एका आकड्यात भागतं. 'श्च' हा उच्चार आला तर पोलिशमध्ये चार अक्षरं खर्ची पडतात, झेकमध्ये दोनच.

युरोपातल्या सगळ्याच खुणा अशा ठरवून आलेल्या नाहीत. कित्येक तर डोक्यावर चढून बसलेली अक्षरंच आहेत. जर्मनमधली दोन टिंबं म्हणजे एके काळी स्वराच्या माथ्यावर लिहिलेला छोटा 'ई'. जुन्या जर्मन हस्ताक्षरात तो दोन उभ्या काड्यांसारखा दिसे, त्यांचीच पुढे टिंबं झाली. स्पॅनिश 'न्य'वरची नागमोडी रेघ म्हणजे गाळलेल्या दुसऱ्या 'एन'ची खूण; वर्षाला लॅटिनमध्ये 'अन्नुस' म्हणत, त्याचं स्पॅनिश रूप 'आन्यो'. खुद्द झेकमध्ये 'यू'वर एक इवलंसं कडं असतं. तो पूर्वीच्या 'उओ' या उच्चारातला 'ओ'. उच्चार बदलून दीर्घ ऊ झाला, कडं तसंच राहिलं.

हाचेक झेकपुरता उरला नाही. १८३० मध्ये ल्युदेवित गाय यांनी क्रोएशियन लेखनासाठी पुस्तिका छापली, आणि पुढे क्रोएशियननं हा आकडा उचलला. स्लोव्हेनियन, स्लोव्हाक, लिथुआनियन, लाटव्हियन या भाषांतही तो आज ठाण मांडून आहे.

महाराष्ट्राच्या रस्त्यांवरही त्याचा एक धागा सापडतो. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला २००१ पासून ज्या कंपनीच्या मोटारी तयार होऊ लागल्या, तिला प्लझेनचे उद्योजक एमिल श्कोडा यांचं आडनाव मिळालेलं आहे. मूळ झेक लेखनात त्यातल्या 'एस'वर आकडा असतो. तो नजरेआड झाला म्हणून आपल्याकडे सगळे 'स्कोडा' म्हणतात. झेकमध्ये 'श्कोडा' हा रोजच्या बोलण्यातलाही शब्द आहे. त्याचा अर्थ नुकसान, आणि एखादी गोष्ट हुकली की झेक माणूस हळहळून म्हणतो, 'श्कोडा!'