दुधाच्या दातावरची रेघ



मोबाईलवर एक मेसेज नेहमी फिरत असते. पूर्वीचे लोक घरचं, बिनखताचं खायचे, म्हणून धडधाकट राहायचे. मलाही ते पटायचं. पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची हाडं आणि दात आपल्याच महाराष्ट्रात तपासले गेले आहेत, अन् ते वेगळंच सांगतात.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत खोदकाम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी माणसं. वस्ती इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून पिकं कळली. मुख्य धान्य ज्वारी नव्हे, जव. सोबत गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. गुरं, शेळ्या-मेंढ्या, हरणं, मासे यांचीही हाडं निघाली. नदीचं पाणी वळवायला पाट आणि बांधही होता. म्हणजे शेतकरी हुशार होते.

पण घरांच्या जमिनीखाली काय निघालं? दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली, अन् आत लहान लेकरू. दोनशेच्या वर दफनं मिळाली, त्यात बहुतेक लेकरंच.

दाणे सांगतात काय पिकलं. ते कोणाच्या पोटात किती गेलं, ते दात सांगतात. पाट्यावर दळलं की दगडाची कच पिठात जाते, त्यानं दाढा झिजतात. पिठूळ, चिकट खाणं जास्त असलं की दात किडतात. आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे दातावरची आडवी रेघ किंवा खळगा. दात तयार होत असताना लेकरू उपाशी किंवा आजारी पडलं, की वरचं कवच बनणं थांबते. हाड पुढं भरून निघते, कवच नाही.

आपली पऱ्हाटी पाहा. पाण्याचा ताण पडला की त्या दिवसांतली पेरं आखूड राहतात. पुढं कितीही पाणी द्या, ते पेर लांब होत नाही. झाड उपटून हातात घेतलं की कोणत्या वेळी ताण बसला ते समजते. दाताचंही तसंच हाय.

दुधाचे दात तर लेकरू पोटात असतानाच बनायला लागतात. म्हणून त्यांच्यावर मायच्या उपासमारीचीही खूण राहू शकते. इनामगावच्या लेकरांचे असे दात अमेरिकेचे जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी तपासले. त्यात असे दोष सापडले.

शेवटच्या काळात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली. ढवळीकरांचं म्हणणं, पाऊस कमी झाला. पुढं ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या लेकरांच्या हाडांची मापं घेतली. शेवटच्या काळात वाढ खुंटल्याचं त्यांना दिसलं, पण सगळा दोष पावसावर टाकणं त्यांना पटलं नाही. हा वाद आपल्या ओळखीचा आहे. नापिकी झाली की आपणही आभाळाकडेच बोट दाखवतो.

कृषीच्या मंडळींसाठी एक गोष्ट. जव, गहू, डाळी एका रीतीनं हवेतला कार्बन घेतात. ज्वारी, बाजरी, मका दुसऱ्या. तो फरक खाणाऱ्याच्या हाडात उतरतो आणि प्रयोगशाळेत मोजता येते. मात्र आपल्या उष्ण हवेत हाडातलं प्रथिन लवकर नासते, म्हणून दातांचं मोल जास्त.

मी यातून एवढंच घेतलं. जुनं खाणं शुद्ध असेल, पण ते सगळ्यांना पुरत नव्हतं. वावरात किती क्विंटल झालं हे आपण वहीत लिहितो. घरातल्या गरोदर बाईच्या ताटात डाळ, भाजी, दूध किती पडलं, ते कोणी लिहीत नाही. ते लेकराच्या दातावर लिहिलं जाते.

शेवटची विनंती. आपल्या जिल्ह्यात बाभुळगाव तालुक्यात पाचखेडला नागपूर विद्यापीठानं टेकाड खोदलं, तिथं लोहयुगातली वस्ती निघाली. आपल्याही गावाजवळ अशी पांढरी असेल. तिथली माती वावरात टाकायला नेताना मडकं, हाड, दात दिसला, तर फावडं थांबवा अन् तहसीलला कळवा. एकदा ते काळ्या मातीत मिसळलं की वाचता येत नाही.