परतण्याचा हक्क : बेने इस्रायली आणि पॅलेस्टिनी निर्वासितांच्या अनुभवांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅरिस येथे मानवाधिकारांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या १३ व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीस कोणताही देश सोडण्याचा व स्वदेशी परतण्याचा हक्क मान्य केला. दुसऱ्याच दिवशी आमसभेने १९४ क्रमांकाचा ठराव संमत केला. शेजाऱ्यांसह शांततेने राहू इच्छिणाऱ्या पॅलेस्टिनी निर्वासितांना घरी परतू द्यावे आणि न परतणाऱ्यांना मालमत्तेची भरपाई द्यावी, असे त्यात म्हटले होते. तत्त्वाच्या घोषणेनंतर एका दिवसातच त्याची कसोटी समोर आली. ती कसोटी आजही पूर्ण झालेली नाही. प्रस्तुत लेखात या हक्काचा विचार महाराष्ट्रातील एका समाजाच्या अनुभवाशी ताडून केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९४७ मध्ये पॅलेस्टाइनविषयी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष समितीत भारत सदस्य होता. बहुमताने फाळणीची शिफारस केली, तर भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी संघराज्याची योजना मांडली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. भारताने विरोधात मत दिले. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी विस्थापित झाले. पुढील वर्षांत अरब देशांतील ज्यू समाजांवरही मोठ्या प्रमाणात देशत्यागाची वेळ आली, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

१९५० मध्ये इस्रायलच्या संसदेने दोन कायदे केले. अनुपस्थितांच्या मालमत्तेच्या कायद्याने विस्थापित पॅलेस्टिनींची घरे व जमिनी सरकारी अभिरक्षकाकडे गेल्या. परतीच्या कायद्याने जगातील कोणत्याही ज्यू व्यक्तीस इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा अधिकार दिला. या दुसऱ्या कायद्याचा लाभ मिळालेल्यांत कोकणातील मराठी भाषिक बेने इस्रायलीही होते.

बेने इस्रायलींचा अनुभव

तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली आहेत. येथे त्यांचा धर्मामुळे छळ झाला नव्हता. स्थलांतर स्वेच्छेचे होते. तथापि इस्रायलमध्ये गेलेल्या काही कुटुंबांना नोकरी व निवास यांबाबत वर्णभेदाचा अनुभव आला. १९५१-५२ मध्ये त्यांनी धरणे धरून भारतात परत पाठविण्याची मागणी केली. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जण विमानाने मुंबईस परतले. त्यांपैकी अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्याची इच्छा व्यक्त केली.

दुसरा संघर्ष विवाहासंबंधी होता. १९६२ मध्ये प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायलींशी होणाऱ्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. समाजाने त्याविरुद्ध आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू असून समान हक्कांचे अधिकारी आहेत, असा ठराव केला. त्यानंतर निर्देशांतून या समाजाचा नामोल्लेख वगळण्यात आला.

तुलना आणि आंतरराष्ट्रीय प्रतिसाद

या दोन अनुभवांत दुःखाची बरोबरी शोधणे योग्य ठरणार नाही. तुलना करावयाची ती साधनांची. बेने इस्रायलींवर अन्याय झाला तेव्हा त्यांच्यापाशी नागरिकत्व, मतदानाचा अधिकार आणि दाद मागण्यासाठी संसद होती. शिवाय परतावयाचे ठरविल्यास मुंबईचे दार उघडे होते. निर्वासित पॅलेस्टिनींपाशी यांपैकी काहीच नव्हते. इस्रायलमध्ये राहिलेल्या अरबांना नागरिकत्व मिळाले, परंतु १९६६ पर्यंत त्यांच्यावर लष्करी प्रशासन होते. १९६७ नंतर पश्चिम किनारा व गाझा येथील जनता लष्करी ताब्याखाली आली.

आंतरराष्ट्रीय समुदायाने हक्काऐवजी मदत दिली. निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था १९५० पासून शिक्षण, आरोग्य व अन्न पुरवीत आली. परतीचा निर्णय मात्र तिच्या अधिकारात नव्हता. आमसभेचे ठराव बंधनकारक नसतात आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार आडवा येतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये भिंतीविषयी व जुलै २०२४ मध्ये ताब्याविषयी प्रतिकूल मत दिले. ती मतेही सल्लादर्शकच होती. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० जण ठार झाले आणि त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो नागरिकांचे बळी गेले.

भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राज्यास मान्यता दिली व १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने युद्धबंदीच्या बाजूने मत दिले. सप्टेंबर २०२४ मध्ये ताबा संपविण्याच्या ठरावावर तो तटस्थ राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये द्विराष्ट्र तोडग्याच्या जाहीरनाम्यास त्याने पाठिंबा दिला. यात तत्त्व व राष्ट्रहित यांतील ताण स्पष्ट दिसतो.

निष्कर्ष

मानवाधिकार वैश्विक असल्याचे आपण वर्गात शिकवितो. परंतु त्यांची अंमलबजावणी बहुधा नागरिकत्वाच्या मार्गानेच होते, हे या तुलनेवरून दिसते. ज्याला कोणतेही राज्य आपले म्हणत नाही, त्याचा हक्क ठरावांत सुरक्षित आणि व्यवहारात असुरक्षित राहतो. १९५२ मध्ये मुंबईस परतलेल्या कुटुंबांना जे शक्य झाले, ते १९४८ मध्ये हैफा वा जाफा सोडलेल्या बहुसंख्य कुटुंबांना शक्य झाले नाही. मानवाधिकारांच्या अध्यापनात कलमांच्या पाठांतराबरोबरच हा फरक का पडला, हा प्रश्नही विद्यार्थ्यांसमोर ठेवला पाहिजे. त्यासाठी उदाहरण दूर शोधण्याची गरज नाही. ते कोकणच्या इतिहासात उपलब्ध आहे.