सांध्याची ‘आठवण’

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, सांध्यातल्या पेशींना जणू ‘आठवत’ राहतो. या आजारात सांध्याच्या अस्तरातील फायब्रोब्लास्ट पेशी बिथरतात आणि शरीराबाहेर वाढवल्या तरी तशाच राहतात. १९९६ मध्ये अशा मानवी पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत कूर्चेसोबत रोपल्या, तेव्हा दाह चेतवणाऱ्या पेशी जवळ नसतानाही त्यांनी कूर्चा पोखरली.

डीएनएला चिकटलेले मिथाइल गट पुष्कळ जनुके मुकी ठेवतात. आमवाताच्या पेशींत हे गट कमी असल्याचे झुरिकमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. निरोगी पेशींतले गट रसायनाने घटवताच त्याही आमवाताच्या पेशींसारख्या वागू लागल्या.

डीएनएची अक्षरे न बदलता होणाऱ्या अशा बदलांना ‘एपिजेनेटिक’ म्हणतात.