बत्तीस बोअरच का?

आमच्या भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. तिथे बंदुकीची दारू बनते, रिव्हॉल्वर कानपूरला. परवान्यावर मिळणारी सरकारी रिव्हॉल्वर .32 बोअरचीच का, हे कोडं मला 1962 च्या शस्त्र नियमांत सुटलं. ज्या पिस्तुलात .380, .455 किंवा फौजेची 9 एमएम गोळी बसते, ते निषिद्ध. फौजेची गोळी बाहेर गेली तरी चालू नये, हाच हिशेब असावा. म्हणून कानपूरने जुन्या वेब्लीचा घाट घेतला, बोअर मात्र .32. 2014 साली महिलांसाठी म्हणून हलकी ‘निर्भीक’ आली, तीही.32, किंमत लाखाच्या वर. आमच्या मोहल्ल्यात रात्रपाळीहून एकट्या परतणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापैकी कुणाला ती परवडणार होती?